एका रायफलीसाठी एक शत्रू

साठी ओलांडल्यावर माणसाला काय काय कमी पडतं ते डॉक्टर सांगतात. कॅल्शियम, बी ट्वेल्व्ह, झोप. मला जे कमी पडलं ते कुठल्याही रक्ततपासणीत दिसलं नसतं. मला शत्रू नव्हता, आणि शत्रू नसल्यामुळे माझी रायफल अडली होती.

रायफल म्हटल्यावर कृपया गैरसमज करून घेऊ नका. मी योसेफ साळवे, भूगोलाचा निवृत्त शिक्षक. शाळेत मला छडीची गरज पडलीच तर मी ती शेजारच्या वर्गातून मागून आणायचो आणि न वापरता परत करायचो. देवळाली प्रवरात निम्मा गाव माझा विद्यार्थी आहे आणि उरलेल्या निम्म्यांची मुलं माझे विद्यार्थी आहेत. असा मी, वयाच्या या टप्प्यावर, खांद्याला रायफल लावायला का निघालो? तर घर वाचवण्यासाठी.

निवृत्तीनंतर आम्ही गावाबाहेर वस्तीवर घर बांधलं. तिन्ही बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूला रस्ता, अंगणात पेरूचं झाड. मला यापेक्षा जास्त काही नको होतं. पण मागच्या वर्षी उसात बिबट्या आला. आला म्हणजे मुक्कामालाच आला. शेजारच्या गोरक्षच्या दोन शेळ्या गेल्या. वनखात्याचा पिंजरा लागला, त्यात गोरक्षचंच कुत्रं अडकलं. सोडवलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसलं, कारण आत आमिष चांगलं होतं.

मग एके दिवशी जेवताना माझी पत्नी एलिझाबेथ म्हणाली, "ऊसतोड सुरू व्हायच्या आत आपण पुण्याला जाऊ. प्रार्थनाकडे. कायमचं."

प्रार्थना ही आमची मुलगी. लेक गुणी आहे, जावई शांत आहे, आणि तरीही पुणे मला नको वाटतं. त्यांच्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरच्याची खिडकी दिसते. खालचा वॉचमन मला दर वेळी "कुणाकडे?" असं विचारतो. सगळ्यात वाईट म्हणजे तिथं पूर्व कुठं आहे ते मला अजून सापडलेलं नाही, आणि उगवतीचा पत्ता नसलेल्या घरात भूगोलाच्या मास्तरानं म्हातारपण कसं काढायचं? पण एलिझाबेथ एकदा बोलली की बोलली. ती मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. तिथं डॉक्टरसुद्धा तिला विचारून रजेवर जायचे.

ही बाई आयुष्यात कशाला घाबरली नाही, आणि आता घाबरली होती. ते मला रोज दिसत होतं. अंधार पडला आणि कुत्री भुंकायला लागली की मी बॅटरी घेऊन बांधापर्यंत फेरी मारून यायचो. घरच्या माणसाला धीर वाटावा, एवढाच हेतू. परत येऊन पाहावं तर ही दारात उभी, चेहरा पांढराफटक. बिबट्यानं बिचारीला किती धसका बसवलाय, असं मी मनात म्हणायचो आणि दुसऱ्या दिवशी फेरी आणखी थोडी लांबवायचो.

नोकरीत असताना मी आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण घेतलं होतं. त्याचं प्रमाणपत्र बैठकीत लावलेलं आहे. त्या शिस्तीप्रमाणे आमच्या घरात आपत्कालीन पिशवी तयार असते. तिच्यात शिट्टी आहे, मेणबत्त्या आहेत, दोरी आहे, ग्लुकोजची बिस्किटं आहेत. बिस्किटं मी दर महिन्याला बदलतो, म्हणजे जुनी खातो. या पिशवीला शोभेल असं एखादं हत्यार घरात असलं तर एलिझाबेथला भरवसा वाटेल आणि पुणे टळेल, असा माझा साधा हिशेब होता. झेपेल अशा किमतीची, नवशिक्याला पेलेल अशी, लहानशी रायफल.

ही गोष्ट मी ओट्यावर बोललो, तिथंच चुकलो. ओट्यावर बोललेलं आमच्याकडे खासगी राहत नाही.

पहिला आला एलिझाबेथचा भाऊ पॉल. तो नगरला असतो. गावाचं नाव बदललं तरी एसटीचा कंडक्टर आणि आमचा पॉल अजून नगरच म्हणतात. पॉल लष्करातून निवृत्त झाला. सगळी नोकरी कॅन्टीनच्या भांडारात गेली, पण भांडाराच्या शेजारीच शस्त्रागार होतं, त्यामुळे तो शस्त्रांविषयी अधिकारानं बोलतो. "दाजी, डोळे मिटून पॉइंट टू टू घ्या," तो म्हणाला. हलकी असते, खांद्याला धक्का देत नाही, गोळी स्वस्त, आवाज बेताचा.

आवाज बेताचा म्हटल्यावर गनीभाई खुर्चीत सरळ झाले. गनीभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे. आमची मैत्री जुनी, ईदचा शीरखुर्मा आणि नाताळच्या करंज्या यांच्या देवघेवीवर पक्की झालेली. त्यांचं म्हणणं, बिबट्या पळतो तो आवाजाला. आवाजच बेताचा असेल तर त्यापेक्षा रिकामा डबा बडवलेला काय वाईट? आणि त्याहीपेक्षा ओट्याला ग्रिल करून घ्यावं. गनीभाईंना कुठलीही अडचण सांगा, त्यांचा शेवट ग्रिलवर होतो. मला सर्दी झाली तेव्हाही त्यांनी खिडकीचंच माप घेतलं होतं.

तिसरा गोरक्ष. आमच्या शेजारचा ऊस त्याचा. दहावीला मी त्याला नद्या शिकवल्या, तो आता मला पाटपाणी शिकवतो. त्यानं पॉलला सरळ विचारलं, "मामा, पॉइंट टू टूनं बिबट्या मरतो का?"

"मरत नाही."

"मंग काय हुतं?"

पॉलनं जरा विचार केला. "चिडतो," तो म्हणाला.

गोरक्षकडे स्वतःची परवान्याची बंदूक आहे, आजोबांची, बारा बोअरची. पण आमच्या भागात निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि निवडणुका काही थांबत नाहीत. एक संपली, बंदूक सोडवून आणायची म्हणून गोरक्ष कपडे घालतो, तोवर दुसरी लागते. त्याच्या धाकट्या पोरानं घरची बंदूक अजून पाहिलेली नाही. ती मोठ्या काकांसारखी परगावी नोकरीला असते, अशी त्याची समजूत आहे.

एवढा सल्ला पचवून मी पॉलबरोबर नगरच्या एका बंदुकीच्या दुकानात गेलो. मालक वयस्कर, सोन्याच्या काड्यांचा चष्मा, बोलणं मऊ. त्यांनी विचारलं, नेमबाजीसाठी हवी की शेतीसाठी? मी म्हणालो, आपत्कालीन तयारीसाठी. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पाणी मागवलं. मग त्यांनी नवशिक्यांसाठीची, देशी बनावटीची, त्यातल्या त्यात स्वस्त अशी रायफल काढली. मी ती खांद्याला लावली. चष्मा नाकावरून घसरला, तो सावरताना मी थोडा वळलो, तर पॉल काउंटरखाली बसलेला. "सर, तोंड तिकडं," मालक हळूच म्हणाले आणि नळी भिंतीकडे वळवून दिली. इतक्या अदबीनं आजवर माझी चूक कुणी दुरुस्त केली नव्हती.

रायफल मनात भरली, पण परवान्याशिवाय मिळेना. रिकाम्या हातानं यायला नको म्हणून सरावासाठी छर्‍यांची बंदूक घेतली, तिला परवाना लागत नाही. पेरूच्या झाडाला बिस्किटाच्या डब्याचं झाकण टांगलं आणि प्रभूचं नाव घेऊन चाप ओढला. झाकणाला काही झालं नाही. पेरूलाही नाही. मी पुन्हा पुन्हा नेम धरत राहिलो. थोड्या वेळानं घराच्या भिंतीवरून पाण्याची बारीक धार खाली आली आणि मग आणखी एक. छपरावरच्या टाकीला मी चाळणीची कळा आणली होती. एलिझाबेथ बाहेर आली, वर पाहिलं, खाली पाहिलं. "बरं झालं, बिबट्याच्या पाण्याची सोय झाली," एवढंच म्हणून ती बादल्या आणायला गेली. प्लास्टिकच्या टाकीला वेल्डिंग चालत नाही याचं गनीभाईंना मनापासून वाईट वाटलं.

आता परवाना. जिल्हा कचेरीतले कारकून भले गृहस्थ होते. माझा अर्ज त्यांनी वाचला आणि दार नीट लागलंय ना ते पाहिलं. बिबट्या हा संरक्षित प्राणी. त्याच्यासाठी रायफल मागणं म्हणजे आपण गुन्हा करणार आहोत हे सहीनिशी कळवणं. तेव्हा बिबट्या काढा, माणूस घाला. माणसापासून जिवाला धोका असेल तर अर्ज पुढं सरकेल.

मग त्यांनी चौकशी केली. भाऊबंदकी? मी एकुलता. राजकारण? मतदान करतो, तेही गुप्त. बांधावरून काही? बांधाच्या पलीकडून रोज भाजी येते. कुणी कधी धमकी दिली? मी खूप आठवून पाहिलं. वेळापत्रकावरून एका मुख्याध्यापकांशी माझं वाजलं होतं, पण ते वारले आणि त्यांच्या मुलाच्या लग्नात मी पंगतीत वाढलं होतं. कारकुनांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या नजरेत कीव होती.

"सर," ते म्हणाले, "मग इतकी वर्षं तुम्ही केलं काय?"

एसटीत खिडकीशी बसून मी हाच प्रश्न चघळत आलो. एवढं आयुष्य गेलं, एवढी मुलं हाताखालून गेली, कितीतरी जणांना मी भूगोलात नापास केलं, आणि एकाच्याही मनात माझ्याविषयी राग नसावा? म्हणजे माझं नापास करणंसुद्धा कुणी मनावर घेतलं नव्हतं. स्वाभिमान असलेल्या माणसाला ही गोष्ट सहजासहजी पचत नाही.

ओट्यावर बैठक बसली. मी हकिगत सांगितली तसा गोरक्ष पुढं सरकला. "सर, माजं नाव टाका की. आपल्यात बांध हाय, शेजार हाय. भांडायला आनकी काय लागतं? मी तुमाला कुऱ्हाड दाखवली आसं लिवा."

मला भरून आलं. पण तक्रार झाली तर त्याचाच बंदुकीचा परवाना धोक्यात यायचा, हे मी त्याला समजावलं. तो म्हणाला, ती तर ठान्यातच हाय, तिला काय फरक पडतो. एवढ्यात गनीभाई उठून चपला घालायला लागले. त्यांचा चेहरा उतरला होता. इतक्या वर्षांचा दोस्त मी, आणि शत्रू करायची वेळ आली तर सरांना कालचा पोरगा आठवला, असं ते पुटपुटले. त्यांची समजूत काढता काढता दिवे लागले. आमच्यात बांध नाही, म्हणून नाइलाज आहे, हे त्यांना शेवटी पटलं. पण जाताना ते गोरक्षशी बोलले नाहीत. खरं वैर पडलं ते असं.

अर्ज गेला. चौकशी होईपर्यंत गोरक्ष आणि मी एकमेकांशी बोलायचं नाही असं ठरलं. गोरक्ष हे काम मन लावून करायला लागला. रस्त्यात दिसला की मान फिरवायचा, एकदा तर माझ्याकडे पाहून थुंकला आणि लगेच फोन करून विचारलं, "सर, जास्ती नाय ना झालं?" भाजी बंद झाली नाही, फक्त मागच्या दारानं यायला लागली. गावात मात्र बोभाटा झाला. साळवे सरांसारख्या देवमाणसाला गोरक्ष्यानं छळावं, असं लोक बोलू लागले. दूध डेअरीवर कुणी त्याच्याशी धड बोलेना. मला तर चहाच्या टपरीवर लोक उठून जागा द्यायला लागले. खोटं कशाला सांगू, ते मला थोडं आवडलं.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर ते गेलं आणि गाडी घसरली. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याशी समेट झाल्याशिवाय प्रभुभोजनाला येऊ नये, अशी आमच्या मंडळीतली जुनी रीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब माझ्याजवळ आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आधी शेजाऱ्याला भेटा, भाकर कुठं पळून जात नाही. भांडण खोटं आहे असं सांगावं तर खोटा अर्ज केल्याचं कबूल करावं लागलं असतं, तेही देवळात. मी नुसती मान डोलावली. सगळी मंडळी उठून पुढं गेली. बाकावर मी एकटा. चर्चमध्ये मी घंटेइतका जुना माणूस, आणि लहान मुलं वळून वळून माझ्याकडे पाहत होती. एलिझाबेथ परत येऊन शेजारी बसली. मला फार लाज वाटली, ती आजही वाटते.

त्याच दुपारी चौकशी आली. हवालदार बजरंग, मूळचे मिरजगावचे, इथं नवे. बाकीचे दिवस बंदोबस्तात गेल्यामुळे त्यांना रविवारच सापडला होता. फाट्यावर त्यांनी एका मोटारसायकलवाल्याला थांबवून साळवे सरांची वस्ती विचारली. "चला की सायेब, मी सोडतो," तो म्हणाला. अशा रीतीनं माझ्या जिवाला ज्याच्यापासून धोका होता तो हवालदारांना मागं बसवून, हँडलला मेथीची पिशवी अडकवून, माझ्या दारात आला.

आल्या आल्या गोरक्षनं ते केलं ज्याची मला कल्पना नव्हती. चर्चमधली गोष्ट त्याला कळली होती. हवालदार शेजारी आहेत हे पार विसरून तो माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "सर, मोडून टाका हे भांडान. तुमी देवाच्या दारात उपाशी बसला, मला जेवन जाईना."

बजरंगांनी त्याला नाव विचारलं. मग हातातला कागद वाचला. मग पुन्हा नाव विचारलं. मग ते ओट्यावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. ठाण्यात कितीतरी शत्रू पाहिले, पण भाजी आणणारा पहिलाच, असं ते म्हणाले. मी सगळं सांगून टाकलं. बिबट्या, पुणे, पॉल, कचेरी, कुऱ्हाड, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, माझं काम जबाब घेण्याचं आहे, घरच्या माणसाचा जबाब राहिलाय. त्यांनी एलिझाबेथला बोलावलं आणि घरात रायफल आणायला तिची काही हरकत आहे का ते विचारलं.

ती पदर खोचून समोर उभी राहिली. इंजेक्शन देण्याआधी ती अशीच उभी राहायची.

"लिहा," ती म्हणाली. "मला बिबट्याची भीती नाही. तो त्याच्या वाटेनं येतो आणि त्याच्या वाटेनं जातो. हे त्याच्या मागं जातात. कुत्रं भुंकलं की बॅटरी घेऊन निघाले. यांना धड दिसत नाही, पळता येत नाही. परत येईस्तोवर मी दारात कशी उभी असते ते माझं मला ठाऊक. बॅटरी आहे तर बांधापर्यंत जातात, रायफल आली तर उसात शिरतील. मला पुण्याची हौस नाही. पण विधवा होऊन जाण्यापेक्षा यांना घेऊन जावं, म्हणून म्हणत होते."

बजरंगांचं पेन थांबलं. गोरक्ष खाली पाहत होता. मी प्रमाणपत्र लावलेला माणूस, आपत्ती कशी ओळखावी यावर शिक्षकांसमोर व्याख्यान दिलेला, आणि माझ्या घरात रोज संध्याकाळी दारात उभी असलेली आपत्ती मला ओळखता आली नव्हती. ती मीच होतो. 

"सर, काय लिहू मी?" बजरंगांनी हळू विचारलं.

आयुष्यभर मुलांना उतारे सांगून लिहून घेतले, तसं मी त्यांना सांगितलं. अर्जदारास शस्त्राची गरज नाही. अर्जदार अर्ज मागे घेत आहे. अर्जदार यापुढे अंधार पडल्यावर दाराबाहेर जाणार नाही. शेवटचं वाक्य जबाबात बसत नाही, असं बजरंग म्हणाले. "बसवा," एलिझाबेथ म्हणाली, आणि त्यांनी ते बसवलं.

मग त्यांनी विचारलं, गोरक्षचं काय करायचं? त्याच्यावर तर कुऱ्हाडीचा आरोप आहे. एलिझाबेथ म्हणाली, त्याला हात धुवायला सांगा, ताटं घेतलीत. बजरंग नको नको म्हणत दोन भाकरी जेवले. गनीभाईंना बोलावणं गेलं, ते आले, आणि गोरक्षचा शत्रूपणा आता रद्द झालाय हे कळल्यावर त्याच्याशी बोलायला लागले. संध्याकाळी पाळकसाहेबांनी घरी येऊन माझी आणि गोरक्षची गळाभेट घडवून आणली. आमचं भांडण कधी झालंच नव्हतं हे त्यांना सांगायचा धीर कुणालाच झाला नाही.

सगळे गेल्यावर प्रार्थनाचा फोन आला. आमची खोली तिनं रिकामी करून ठेवली होती, पडदे कुठल्या रंगाचे लावू असं विचारत होती. एलिझाबेथनं तिला सांगितलं की आम्ही येत नाही, इथंच राहतोय.

"मग बाबांना परवाना मिळाला की काय?" प्रार्थनानं विचारलं. फोन मोठ्यानं लावलेला होता, मला ऐकू येत होतं.

"नाही मिळाला. नाकारला."

"कुणी?"

"मी," एलिझाबेथ म्हणाली, आणि माझ्याकडे पाहून हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

या निर्णयावर वर अपील करता येतं, असं पॉलचं म्हणणं आहे. मी करणार नाही.